कुडकुडणं थांबलं, तर जास्त घाबरा

नमस्कार मंडळी. माझ्या हाताकडे बघा. अंगठा आणि करंगळी, टोकाला टोक. जुळलं? कडाक्याच्या थंडीत बराच वेळ अडकलेल्या माणसाला एवढंच करायला सांगा. जमलं नाही, तर त्याचा हातांवरचा ताबा सुटायला लागलाय. ही नुसती थंडी नाही.

आपलं शरीर आतून साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. ते ३५च्या खाली उतरलं की हायपोथर्मिया. आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. स्नायू थरथरवून शरीर ऊब तयार करत असतं. आणखी उतरत ३२च्या आसपास गेलं की ही धडपडच थांबते. आणि नेमकं तेव्हा सोबतचे म्हणतात, ‘चला, थंडी पळाली वाटतं!’ नाही हो. बघा ना, त्याची जीभ जड झालीय, पाय अडखळताहेत, तेच तेच विचारतोय. काही जण तर या अवस्थेत ‘उकडतंय’ म्हणून अंगावरचे कपडे काढतात! म्हणून त्याच्या ‘मी ठीक आहे’वर विसंबू नका. त्याचं त्याला कळत नसतं. ते तुम्हीच ओळखायचं.

लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याला आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, कोरड्यात गुंडाळा. पांघरूण घालतात सगळे, पण अंगाखाली जाड काही घालायचं विसरतात, आणि गार जमीन ऊब ओढत राहते. ऊब द्यायची ती आधी छातीला, मानेला, डोक्याला. हातपाय चोळू नका, अंग गदागदा हलवू नका. अशा वेळी हृदय इतकं नाजूक असतं की धक्क्यानंही ठोके बिघडू शकतात. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच गरम, गोड काही प्यायला द्या. दारू अजिबात नको. तिनं कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

बोटं, कान, नाक पांढरट, मेणासारखं आणि बधिर झालं, तर तो हिमदंश. तिथं बर्फ चोळू नका, आणि शेकोटीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

शेकोटीवरून आठवलं. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका, आधी सगळे मोकळ्या हवेत या. बर्फात गाडी अडकली असेल, तर इंजिन सुरू करण्याआधी उतरून धुराच्या नळीपुढचा बर्फ काढा. नाहीतर तोच वायू आत शिरतो.

आता एक काम. एकटं राहणारं कुणी म्हातारं माणूस तुमच्या ओळखीचं असेलच. वयानुसार थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणंही कमी होतं. त्यांना आज फोन करा. ‘बरी आहे गं’ म्हणाल्या तरी ठेवू नका, जेवण काय केलं ते विचारा, दोन मिनिटं बोलू द्या. शब्द घरंगळताहेत, बोलता बोलता धागा सुटतोय असं वाटलं, तर फोन ठेवा आणि त्यांच्या दारावर जा. लांब असाल, तर त्यांच्या शेजाऱ्यांना पाठवा.