कफ कधी काढायचा

[दृश्य: तान्ह्या बाळाला लावलेल्या व्हेंटिलेटरचा पडदा. हवेच्या प्रवाहाची रेष करवतीसारखी दातेरी.]

ही दातेरी रेष म्हणजे कफ साचल्याची खूण. छातीवर तळहात ठेवला तर घरघर हाताला लागते. व्हेंटिलेटर ठरावीक दाबावर असेल तर आत जाणारी हवा घटते. ठरावीक आकारमानावर असेल तर दाब चढतो. यातलं काही दिसलं, की सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं. 'दर दोन तासांनी' असं तक्त्यात लिहिणं सोपं, पण दर सक्शनला बाळाचा ऑक्सिजन उतरू शकतो.

तान्ह्याची 4 मिलिमीटरची श्वासनळी आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सुजली, की व्यास निम्मा आणि अडथळा 16 पट. मोठ्यांत बंद पडलेल्या भागाला शेजारच्या वायुकोशांतून थोडी हवा मिळते. तान्ह्यांत त्या आडवाटा अजून पुरत्या तयार नसतात. कफाची एक गुठळी फुफ्फुसाचा अख्खा खंड बसवते, म्हणजे हवा जाऊन तो मिटतो.

[दृश्य: दोघांचे हात. एक हाताने श्वास देण्याच्या बॅगवर, एक छातीवर.]

आधी ऑक्सिजन वाढवायचा. बॅग सावकाश दाबायची, क्षणभर धरायची, झटकन सोडायची. बाहेर येणारा श्वास आत जाणाऱ्यापेक्षा वेगवान असेल तरच कफ वर सरकतो. बॅग घाईने दाबली तर तो आणखी खोल जातो. दाब मॅनोमीटरवर, म्हणजे दाबमापकावर, बघायचा. हाताला अंदाज येतो, हा अनुभवी माणसांचाही भ्रम. छातीला कंप द्यायचा तो फक्त श्वास सुटताना.

डोकं खाली करायचं नाही: पोटातलं वर येतं, मेंदूतला दाब वाढतो. कुशीवर वळवतानाही सावध. मोठ्यांच्या उलट, तान्ह्यांत वरच्या बाजूच्या फुफ्फुसाला हवा जास्त मिळते. बसलेला भाग वर घेतला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, घसरू शकतं.

आता कॅथेटर, म्हणजे कफ ओढणारी बारीक नळी. श्वासनळीत घातलेली ट्यूब आतून 4 मिलिमीटरची असेल तर कॅथेटर 6 फ्रेंच मापाचं, म्हणजे 2 मिलिमीटर जाड. जाड कॅथेटर कफाबरोबर हवाही ओढतं आणि फुफ्फुस पुन्हा बसतं. तान्ह्याला सक्शनचा दाब पाऱ्याचा 80 ते 100 मिलिमीटर. लांबी आधी मोजून, ट्यूबच्या टोकापर्यंतच. अडेपर्यंत ढकललं तर श्वासनळी दुभंगते तिथे जखम होते. 10 सेकंदांत बाहेर. नाडी मंदावली तर त्याआधीच. ट्यूबमध्ये सलाइन (मिठाचं पाणी) सोडणं दर वेळी नको. कफ घट्ट येत असेल तर पहिल्यांदा हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर तपासा.

[दृश्य: पुन्हा पडदा.]

रेष अजून दातेरीच? मग व्हेंटिलेटरच्या नळ्या बघा. त्यांत साचलेलं पाणीही हुबेहूब अशीच रेष काढतं.