तंबाखूची दोरी आणि चिंपांझीचा बोळा

नमस्कार मंडळी! पन्हाळ्यावर उभा आहे. मागं बघा, त्या माकडानं बाटलीचं झाकण फिरवून काढलं. हुशारी आहेच, पण हे अवजार नव्हे. एक वस्तू हातात धरून दुसरीवर काम केलं, की ते अवजार. थायलंडच्या याओ नोई बेटावरची माकडं दगडानं कालवं फोडतात. माणसानं तिथं तेलताड लावला, तर त्याची फळंही ती दगडानंच फोडायला लागली.

पण मला आज सांगायचंय ते युगांडातल्या बुडोंगो जंगलाबद्दल. तिथल्या सोन्सो टोळीचे चिंपांझी राफिया नावाच्या ताडाचा कुजका गाभा खायचे. त्यात सोडियम भरपूर, म्हणजे त्यांचं मीठच ते. आसपासच्या शेतकऱ्यांना तंबाखूची पानं बांधून वाळवायला दोरी लागायची, ती याच ताडाच्या पानांची. कागल ओलांडलं की निपाणीचा तंबाखूपट्टा लागतो. तंबाखूवर घरं कशी चालतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको, म्हणून त्या शेतकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पानं ओरबाडून ताड संपले.

मग मीठ कुठनं आणायचं? चिंपांझी चिकणमाती खायला लागले, तिथलं गढूळ पाणी प्यायला लागले. त्यासाठी पानं चावून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि तोंडात धरून चोखायचा, ही त्यांची जुनी रीत. नोव्हेंबर 2011 मध्ये अशाच एका डबक्यावर निक नावाच्या म्होरक्यानं शेवाळाचा बोळा केला. नाम्बी नावाची मादी ते बघत होती. पुढच्या सहा दिवसांत आणखी सात जणांनी शेवाळाचे बोळे केले!

सगळेच पर्याय इतके गोड नाहीत. हेच चिंपांझी झाडाच्या ढोलीतली वटवाघळांची विष्ठाही खाताना दिसले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या विष्ठेत 27 विषाणू सापडले, त्यातला एक कोरोनाच्या कुळातला. तंबाखूच्या दोरीपासून सुरू झालेला धागा इथवर येतो. मला रात्री झोप लागू देत नाही ती ही गोष्ट.

आणि "माकडं काय, जुळवून घेतील" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. 2019 मध्ये चिंपांझींच्या 144 टोळ्या आणि 31 सवयी तपासल्या गेल्या. जिथं माणसाचा वावर सर्वांत जास्त, तिथं सवयींमधली विविधता सरासरी 88 टक्क्यांनी कमी भरली. या सवयी एकमेकांचं बघूनच टिकतात. जंगलाचे तुकडे झाले, टोळी विरळ झाली, की शिकवणारा आणि बघणारा एका डबक्यावर येतच नाहीत. नाम्बीला शेवाळाचा बोळा कळला, कारण त्या दिवशी निक तिच्या समोर होता.