नांग्या बांधलेले खेकडे

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटच्या डोक्याशी बसते ती. नातेवाईक मला हमखास 'सिस्टर' म्हणतात. सिस्टर असण्यात कमीपणा काहीच नाही, पण मागून वॉर्डबॉय आला की तो मात्र 'डॉक्टरसाहेब' ठरतो! असो.

आज बोलायचंय रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या एका इंजेक्शनबद्दल. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाच मिलीची काचेची अँप्यूल, पाण्यासारखं औषध, आत ५०० मिलिग्रॅम. गुडघा बदलायचा असेल तर चीर देण्याआधी मी अशा दोन अँप्यूल शिरेतून सावकाश देते, दहा मिनिटं घेऊन. घाई केली की बीपी उतरतं.

जखम झाली की रक्त गोठतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण गोठलेलं रक्त विरघळवायची सोयही शरीरातच असते आणि ऑपरेशनमध्ये ती नको तितकी जोरात चालू होते. भातखाचराचा बांध आठवा. आपण बांध घालतोय आणि खेकडे तो पोखरतायत. हे औषध बांध घालत नाही, ते खेकड्यांच्या नांग्या बांधतं. पुन्हा सांगते, कारण सगळे इथेच चुकतात: हे औषध गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी विरघळू देत नाही.

हे शोधलं कुणी? ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, तुमचीही सुटका नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरचं टोकियो. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके केइओ विद्यापीठात काम करत होते. पैसा नाही, साधनं नाहीत. मग संशोधन कशावर करायचं? तर रक्तावर. कमी पडलं तर आपलंच काढता येईल, असा त्यांचा हिशेब! मूल सांभाळायला पाळणाघर नव्हतं, म्हणून उताकोबाई लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहायच्या. पोर रडलं नाही तर काम पुढे सरकणार. आपल्याकडे शेतात झाडाला झोळी बांधून निंदायला लागणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका परिषदेत त्या निबंध वाचायला उभ्या राहिल्या, तर पुरुषांनी विचारलं, आता नाचून दाखवणार का? बघा, मी उगाच 'सिस्टर'वर चिडत नाही.

आधी त्यांना एक औषध सापडलं, मग १९६२ मध्ये त्याच्या सत्तावीस पट प्रभावी असं हे दुसरं. बाळंतपणात रक्त वाहून बाया दगावतात, तिथे ते वापरून बघावं, ही उताकोबाईंची तळमळ. पण कोबे शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना त्या राजी करू शकल्या नाहीत. औषध इतरत्र वापरलं गेलं, बाळंतिणींवरची मोठी चाचणी मात्र पन्नासेक वर्षं रखडली. अखेर ती झाली, २१ देशांत, वीस हजारांहून जास्त बाळंतिणींवर. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटतात, असं दिसलं. निकाल एप्रिल २०१७ मध्ये छापून आला. उताकोबाई २०१६ मध्येच गेल्या होत्या, ९८ वर्षांच्या होऊन.

निर्माते काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. ऑपरेशनचं राहिलंच की! २०२२ मध्ये साडेनऊ हजार पेशंटांची एक चाचणी प्रसिद्ध झाली, हृदयाची सोडून इतर ऑपरेशनं. मोठा रक्तस्राव शंभरातल्या साधारण बारा जणांना व्हायचा, तो नऊ जणांवर आला. म्हणजे रात्री रक्ताच्या पिशवीसाठी धावणारे तीन भाऊ कमी. तसे लग्नाला दोनशे जमणाऱ्या घरातून रक्त द्यायला दोघंच पुढे येतात, पण तो विषय पुढच्या खेपेला.

पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, फिट येत असतील, किडनीचा त्रास असेल, तर ऑपरेशनआधी सांगा. गुठळी, फिट, किडनी. मला सांगा, नाहीतर सिस्टरना सांगा. नमस्कार.