चारशेवीस मोबाईलवर

श्रोतेहो, नमस्कार.

अंबड तालुक्यातला ओळखीचा एक शेतकरी. मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरचा फोटो बघितला, इसार म्हणून पंधरा हजार पाठवले, अन् समोरचा फोन बंद. माझ्याकडं आला तो हेच विचारत, "वकीलसाहेब, नेटवरच्या चोरीला कायदा हाय का?"

आहे की! बाजारात म्हातारा बैल गळ्यात मारणारा अन् हा, कायद्याच्या लेखी दोघंही लबाडच. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ४२० तर आपल्याकडं शिवी होऊन बसलं. १ जुलै २०२४ पासून, त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं. पण 'तीनशेअठरा' म्हणून अजून कुणी कुणाला हिणवत नाही. नेटवरच्या तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

नवा, कडक कायदा करा म्हणणाऱ्यांनी याच कायद्यातलं ६६ ए आठवावं, नेटवर आक्षेपार्ह मजकूर टाकणाऱ्याला शिक्षा देणारं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली. कलमाचे शब्दच इतके सैल की, सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ला ते रद्दच केलं.

घोडं अडतं तपासाशी. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्याच अधिकाऱ्यानं करायचा. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एक, अन् मोर्चा, यात्रा, बंदोबस्त सगळं त्याच्याच माथी.

पुराव्याचं तर विचारूच नका. आपल्या जालन्याचाच खटला घ्या. २०१४च्या विधानसभेला अर्जुन खोतकरांनी उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर भरला, असा हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलंच चित्रण. पण सीडी कुठल्या यंत्रावरून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते मागूनही अधिकारी देईनात. वाद दिल्लीपर्यंत गेला. १४ जुलै २०२०ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मूळ यंत्र कोर्टात नसेल तर प्रमाणपत्र लागणारच. मात्र धडपड करूनही ते न मिळालेल्याला त्यापायी अडवायचं नाही. आमदारकीच्या खटल्यात ही तऱ्हा, तर पंधरा हजारवाल्याचं काय?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरावर लगेच फोन केला, तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते. आमचा गडी उगवला चौथ्या दिवशी. म्हटलं, मेसेज तरी दाखवा.

मान खाली घालून म्हणाला, "कारभारीण बघंल म्हणून समदे पुसून टाकले, साहेब."