इसार देण्याआधी विहिरीचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

कोकणात घर घ्यायला निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी बहुधा गणपती ते दिवाळीच्या मधे येतात. रान हिरवंगार, विहीर काठोकाठ भरलेली. मालक कळशीभर पाणी काढून देतो, ते गोड लागतं आणि तिथेच सौदा मनात पक्का होतो. पुढे सातबारा वकिलाकडे जातो, फेरफार निघतात, मोजणी होते. पाणी मात्र जिभेनेच पास केलेलं असतं.

हल्ली काहींच्या खिशात टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन असतं. आकडा ६०-७० आला की स्वारी खूश. अहो, जांभ्यातल्या विहिरीचा आकडा कमीच यायचा! त्या दगडातले विरघळणारे क्षार पावसाने केव्हाच धुऊन नेलेत. पेन फक्त क्षारांचा अंदाज देतं, जंतू त्याला दिसत नाहीत. आणि जांभा पडला भोकाभोकांचा दगड, त्यातून शोषखड्ड्याचं, म्हणजे संडासाचं सांडपाणी मुरवायच्या खड्ड्याचं पाणी धड गाळलं न जाता विहिरीपर्यंत पोचू शकतं. तेव्हा विहीर आणि शोषखड्डा यांतलं अंतर स्वतः मोजा. निदान ५० फूट हवं, जांभ्यात त्याहून जास्त असलेलं बरं. वरच्या अंगाला शेजाऱ्याचा खड्डा किंवा गोठा आहे का, तेही बघा. विक्रेत्याच्या कागदपत्रांत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता नमुना. तो कुणी भरून ठेवलेला घेऊ नका. रासायनिक तपासणीला लिटरभराचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन पुरतो, मात्र तो त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायचा. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली, ती प्रयोगशाळेतूनच आणायची. ही मात्र विसळायची नाही. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड असते. बाटली घाण आहे असं समजून लोक ती धुऊन टाकतात. पाण्यात क्लोरिन असलं तर त्याचा परिणाम थांबवायला ती घातलेली असते. नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो.

पंप असेल तर पाणी चार-पाच मिनिटं वाहू द्या, धातूच्या नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने तापवून घ्या, मग बाटली भरा. वर थोडी जागा सोडा. झाकणाला आतून बोट लावू नका, नाहीतर तुमच्या बोटाचे जंतू बिचाऱ्या विहिरीच्या माथी! बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी नमुना घेऊन उपयोग नाही, रविवारी प्रयोगशाळा बंद. एक दिवस रजा टाकावीच लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथे आधी फोन करून बाटली, फी आणि वेळ विचारून घ्या.

मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरिनची पावडर, कधी टाकली? आदल्याच दिवशी टाकली असेल, तर आजचा रिपोर्ट त्या पावडरीचा, विहिरीचा नव्हे. यात लबाडीच असते असं नाही. पाहुणे येणार म्हणून लोक घर झाडतात, तशी विहीरही साफ करतात. आठवड्याने पुन्हा नमुना घ्यायचा.

रिपोर्ट वाचताना पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० समोर ठेवा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, यात सवलत नाही. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर हा आकडा सगळ्यांत आधी बघा. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरचं घर घेत असाल तर फ्लोराइड बघायलाच हवं. मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. त्याला ना रंग, ना वास. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी निदान जिभेला तरी सांगतं.

जंतू सापडले म्हणून घर सोडायचं कारण नाही. विहीर उपसा, कठडा नीट करून घ्या, टीसीएल टाका, पुन्हा तपासा. शोषखड्डाच चिकटून असेल तर तो हलवायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

समुद्राजवळच्या विहिरीचं मात्र वेगळं. दिवाळीत गोड असलेली विहीर मे महिन्यात मचूळ होऊ शकते. क्लोराइडची मर्यादा २५० मिलिग्रॅम, पण ती मे महिन्यातल्या पाण्याला लावून बघा. तोवर थांबायला मालक तयार नसेल, तर उन्हाळ्यातल्या तपासणीची अट साठेखतात घालून घ्या. आणि विहीर सामाईक असेल तर पाण्यातला हिस्सा, पंप बसवायचा हक्क आणि विहिरीपर्यंतची वाट, हे तिन्ही खरेदीखतात लिहून घ्या.