डोळ्यांपाशी नाक असलेला शिकारी

श्रोतेहो, नमस्कार.

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तिच्या एका काठाला आपला गडचिरोली जिल्हा, पलीकडे तेलंगण. त्या बाजूला मालेरी नावाचं गाव आहे. तिथली लाल माती ट्रायासिक काळातली, सुमारे 22-23 कोटी वर्षं जुनी. हिमालय तेव्हा नव्हता, भारत आफ्रिका-अंटार्क्टिकाला जोडलेला होता आणि इथल्या नद्यांत पॅरासुकस नावाचा शिकारी दबा धरून बसायचा.

तो दिसला असता तर तुम्ही म्हणाला असता, ही तर सुसर! लांब निमुळता जबडा, टोकदार दात, पाठीवर हाडांच्या ढाली, दणकट शेपूट. पण जरा नाक शोधा. सुसरीचं नाक जबड्याच्या टोकाला असतं, याचं मात्र मागे, डोळ्यांच्या जवळ. त्यामुळे सगळा जबडा पाण्यात बुडवूनही त्याला श्वास घेता यायचा. मगरीच्या आणि याच्या घराण्यांत नातं फार लांबचं. शरीराची घडण सारखी झाली ती सारख्या धंद्यामुळे. या घराण्याला फायटोसॉर म्हणतात. आपला पॅरासुकस अडीच मीटरच्या आसपास, पण अमेरिकेतले त्याचे काही भाऊबंद पाच-सहा मीटरांपर्यंत वाढत.

याचं पूर्ण नाव पॅरासुकस हिस्लॉपी. नागपूरकर श्रोत्यांनी कान टवकारले असतील! होय, ज्यांच्या नावाचं कॉलेज तुमच्याकडे आहे तेच स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटिश मिशनरी धर्मप्रसारासाठी आले आणि वैदर्भी दगडांत रमले. 1863 साली नागपूरजवळ एका नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकर यांनी 1885 मध्ये या प्राण्याचं वर्णन केलं, पण त्यांच्यापुढच्या हाडांत ऱ्हिंकोसॉर या वेगळ्याच शाकाहारी प्राण्याचीही हाडं मिसळलेली होती. हा घोळ पुढे शतकभर पुरला.

तो मिटला कलकत्त्यामुळे. तिथल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना मालेरीच्या थरांत शेजारी-शेजारी पडलेले दोन सांगाडे मिळाले. शंकर चटर्जी यांनी 1978 मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि 2003 मध्ये पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव अधिकृतपणे त्यांतल्याच एका सांगाड्याला जोडलं गेलं. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्म कशाला, असं वाटेल, पण तिचे संस्थापक महालनोबिस यांना भूशास्त्रातही रस होता, हे आपलं भाग्यच.

खरी गंमत त्या सांगाड्यांच्या पोटात होती. तिथे मालेरीसॉरस नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याचे अवशेष सापडले. म्हणजे आपल्याला शिकारी मिळाला आणि त्याचं शेवटचं जेवणही! मालेरीसॉरस हा प्राणी विज्ञानाला ठाऊक झाला तो असा, दुसऱ्याच्या पोटातून.

सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिक काळ संपला आणि फायटोसॉरही संपले. मगरींचे पूर्वज त्या वेळी लहानखुरे, लांब पायांचे आणि जमिनीवर पळणारे होते. नदीतली ती मोकळी झालेली जागा त्यांच्या वंशजांनी पुढे घेतली.