पोर्तुगीज क्रियापदं मराठीतून शिका

पोर्तुगीज शिकायला बसलं की माणूस लगेच तक्ते पाठ करायला लागतो. फालार, कोमेर, पार्तीर. म्हणजे आर, एर आणि ईर असे तीन गट, दर काळाची सहा रूपं, आणि काळ संपता संपत नाहीत. पाठांतराला माझा विरोध नाही. पण आपण हे तक्ते इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि नको तिथे अडखळतो.

भूतकाळच घ्या. 'फालेय' म्हणजे बोललो आणि 'फालावा' म्हणजे बोलायचो, बोलत होतो. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याला हा फरक बोलता बोलता येतोच. 'साबेर' या एकाच क्रियापदाचं 'साबिया' केलं की मला माहीत होतं, 'सोब' केलं की मला कळलं.

खरी गंमत पुढे आहे. 'वेळ मिळाला तर येईन.' वेळ अजून मिळायचाय, तरी आपण 'मिळाला' म्हणतो. पोर्तुगीजचंही असंच आहे. 'स तिवेर तेंपु, वो', म्हणजे वेळ असला तर जाईन. हे 'तिवेर' भूतकाळाच्या घरचं. 'तिवेराँव' म्हणजे त्यांच्याकडे होतं. त्याचं शेपूट छाटा, 'तिवेर' उरतं. तसंच फिझेराँव (त्यांनी केलं) वरून फिझेर, विएराँव (ते आले) वरून विएर, फोराँव (ते गेले) वरून फोर. (हा 'फोर' असण्याचा की जाण्याचा, ते मात्र संदर्भावरूनच ओळखायचं. दोन्हींचं रूप एकच.)

इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ येतो. त्या सवयीने तुम्ही 'क्वांदु वो आ लिझ्बोआ' म्हणालात, तर समोरच्याला वाटतं, हे जेव्हा जेव्हा लिस्बनला जातात तेव्हाचं काही सांगतायत. 'लिस्बनला गेलो की' म्हणायचं असेल तर 'क्वांदु फोर'.

स्पॅनिशमध्ये हे 'तिवेर', 'फोर'सारखं 'झालं तर'चं रूप कायद्याच्या भाषेत आणि जुन्या म्हणींत तेवढं उरलंय. पोर्तुगीजमध्ये ते भाजीवाल्याच्याही तोंडी असतं. तरी विद्यार्थ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण नियमित क्रियापदांत ते मूळ रूपासारखंच दिसतं: फालार ते फालारच. गोव्यातले जुने दस्तऐवज वाचणाऱ्यांनी तर इथे फार जपावं. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १९६१ नंतरही चालू राहिली, आणि कायदा म्हटला की 'अमुक झालं तर' आलंच.

तेव्हा अनियमित क्रियापद भेटलं की आधी त्याचं 'त्यांनी केलं' हे रूप पाठ करा: फिझेराँवसारखंच दिसेराँव (म्हणाले), त्रोसेराँव (आणलं), पुझेराँव (ठेवलं). फिझेराँवमधून फिझेर निघतं, 'केलं असतं तर'मधलं फिझेस निघतं आणि 'केलं होतं' या अर्थाचं फिझेराही. हे शेवटचं वाचताना ओळखता आलं तरी पुरे. बोलताना लोक सरळ 'तिन्या फेयतु' म्हणतात.